चांगल्या राजाचं काय करायचं

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला थोडं थांबावं लागतं. हात मात्र लगेच आठवतो. तुमचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळे मराठी लिहितानासुद्धा कधीकधी विसरून तुम्ही फळ्याच्या उजव्या टोकाला खडू टेकवायचात, मग स्वतःशीच हसून डावीकडे यायचात. आम्ही पोरी तोंडावर हात ठेवून खुदखुदायचो. मी आता छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. आधी बरीच वर्षं कंडक्टर होते, कन्नड, गंगापूर, वैजापूर, सगळे रस्ते पालथे घातले. आता खिडकीत माईकपुढे बसते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते मी सांगते आणि माणसं पिशव्या उचलून धावतात. शहराचं नाव बदललं. माईकवर मी नवं म्हणते, खिडकीशी येणारी म्हातारी माणसं जुनं म्हणतात, गाडी दोघांचीही तीच असते. हुकूम सोडायला मला पहिल्यापासून आवडतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीचा फोन आला. तीच, लासूर स्टेशनाजवळच्या सायकल दुकानदाराची पोरगी, शेवटच्या बाकावर बसायची. आता गंगापूरला असते, शिवणकामाचे क्लास घेते, आवाज अजून तसाच खणखणीत. म्हणाली, "सुन गे, अपने स्कूलमें पुराने बच्चोंका मेळावा है. हॉलमें सरका फोटो लगारे. तेरेकू बोलना है." मी म्हटलं, मी काय बोलणार? "वोइच बोल, सर तुमारी वस्तीपे आए थे वो. पन इस बार सच्ची बात बोल." आणि फोन ठेवला. सर, तुम्ही आमच्या वस्तीवर आलात, एका शब्दात माझ्या वडिलांना, आबांना, गप्प केलंत, म्हणून माझी शाळा सुटली नाही, ही गोष्ट अर्ध्या लासूरला पाठ आहे. आबा तर शेवटपर्यंत तीच सांगायचे. मीही कधी खोडली नाही. तुम्ही आलात ते खरं, बाकी तसं काही झालं नव्हतं, हे तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि मी तिला सांगितलं म्हणून तिला माहीत. पाहुण्यांसमोर पाच मिनिटं बोलायचं आहे, त्याआधी एकदा तुमच्याशीच सगळं बोलून घ्यावं असं वाटलं.

नववीचा तो वर्ग मला अजून जसाच्या तसा दिसतो. रुळांच्या अलीकडे शाळा, वर पत्रे. मनमाडकडची पॅसेंजर निघाली की तुम्ही वाक्य अर्धवट सोडून थांबायचात आणि शेवटचा डबा गेला की नेमकं तिथूनच पुढे सुरू करायचात. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा धडा गणपती उठल्यावर यायचा. पुस्तकात तो चार पानांत उरकलेला होता. पॅरिसच्या बाजारातल्या बाया भाकरीसाठी पावसात भिजत राजाच्या महालावर चालत गेल्या, हे सांगताना तुम्ही म्हणालात, "लई लांब नव्हतं. आपल्या लासूरहून गंगापूर जेवढं, जवळपास तेवढंच." त्या दिवसापासून माझ्या डोक्यातल्या त्या फ्रेंच बाया लुगड्याचा काष्टा मारून गंगापूरच्या रस्त्यानं चाललेल्या आहेत. पुढे त्याच रस्त्यावर माझी ड्युटी लागायची तेव्हा मला उगाच हसू यायचं आणि ड्रायव्हर विचारायचा, बाई, काय झालं?

आणि मग तुमचा दरबार. दर वर्षी तो धडा आला की तुम्ही नववीच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून राजा निवडायचात. मॉनिटरलाच राजा करा की, असं कुणी म्हटलं तर म्हणायचात, "राजा काय हुशारी बघून होतो व्हय? ज्या घरात जन्मला त्या घरात जन्मला. आपल्यापाशी पाळणा नाय, म्हणून चिठ्ठी." राजानं तुमच्या खुर्चीत बसायचं, तुम्ही मागच्या बाकावर. शिकवायला सुरुवात करायच्या आधी तुम्ही पोरासोरांसारखे उठून, मान झुकवून विचारायचात, "हुजूर, इजाजत हाय का?" कोण कुठं बसणार, हापशावरून पाणी कोण आणणार, माठातलं पहिलं पाणी कोण पिणार, खेळाच्या तासाला एकुलता एक चेंडू कुणाकडे जाणार, हे सगळं राजा ठरवणार आणि त्याला का म्हणून कुणी विचारायचं नाही. दरबार कधी संपणार तेही तुम्ही सांगायचा नाहीत. "राजाला कुठं मुदत असती?" एवढंच म्हणायचात.

मोठ्या पोरांकडून आम्ही मागचे किस्से ऐकलेले होते. एका वर्षी मोंढ्यातल्या आडत्याचा मुलगा राजा झाला, त्यानं सगळ्यांची बोरं जप्त केली आणि दोन पोरांना वहीनं वारा घालायला लावला. त्याला वर्गानं लगेचच खुर्चीसकट उचलून मैदानात नेऊन ठेवलं, आणि तुम्ही सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटलेत. आणखी एका वर्षी मात्र वर्गानं सह्या करून हेडमास्तरांना अर्ज दिला, आमचा राजा काढून टाका. हेडमास्तरांनी एका मिनिटात काढला. पोरं नाचायला लागली आणि तुमचा चेहरा उतरला. "हा इन्किलाब नाय रे, ही दरख्वास्त हाय. बारक्या राजाला काढायला मोठ्या राजाकडं गेलात. आता मोठ्याला कोण काढणार?" हेडमास्तर त्या वेळी दारातच उभे होते म्हणे.

तुम्ही खरा राजा गेलेला पाहिला होता. नववीतल्या आमच्यापेक्षा थोडे मोठे असाल तेव्हा निजामाचं राज्य गेलं. ते कुणी घालवलं, फौजेनं की लोकांनी, यावरून गावात वाद व्हायचे, तुम्हालाही विचारलं जायचं. तुम्ही म्हणायचात, "फौज आली ती सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी किती साल लोकं जेलात गेले, पोरांनी शाळा सोडल्या, झेंडा लावला म्हणून मार खाल्ला. दार आतून ढिलं झालेलं असलं की भायेरून एक धक्का बास होतो." पण गोष्ट तुम्ही झेंड्यापाशी थांबवायचा नाहीत. राज्य गेल्यावर काही महिन्यांनी तुमचे वडील तुम्हाला घेऊन कसल्याशा कामाला गंगापूरच्या तहशिलीत गेले. साहेब जेवायला गेलेला, खुर्ची रिकामी. वडिलांनी बाहेर चपला काढल्या, आत जाऊन त्या रिकाम्या खुर्चीला कमरेत वाकून सलाम केला आणि साहेब येईपर्यंत हात बांधून उभे राहिले. "राजा हैदराबादेतून एका दिवसात उतरला. माझ्या बापाच्या पाठीवरून उतरायला त्याला लई साल लागले." हे सांगताना तुम्ही हसत होता, पण मग वळून पुसलेला फळा पुन्हा पुसायला लागलात.

त्या वर्षी चिठ्ठी माझी निघाली. घरची गोष्ट तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. आमची वस्ती लासूरच्या बाहेर, देवगाव रंगारीच्या रस्त्याला. आबांची मेंढरं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घरातली मोठी माणसं बाहेर पडायची ती पार पावसाच्या तोंडावर परतायची, आणि मी आत्याजवळ राहून शाळा करायची. त्या दिवाळीनंतर मात्र माझी शाळा बंद होणार होती. कळपाबरोबर जायचं, भाकऱ्या थापायच्या, कोकरं सांभाळायची आणि उन्हाळ्यात देवगाव रंगारीकडच्या एका घरात लग्न. मला कुणी समोर बसवून हे सांगितलेलं नव्हतं. माय आत्याला सांगत होती, ते मी चुलीपाशी भाकरी भाजताना ऐकलं. आबा वाईट होते असं नाही, उलट माझ्यावर जीव टाकायचे. शाळेच्या वाटेवर काटे म्हणून गंगापूरच्या बाजारातून मला चपला आणल्या होत्या, स्वतः मात्र टायरच्याच घालायचे. त्यांनी ठरवलं म्हणजे चांगलंच असणार, असं घरात सगळे धरून चालायचे, आणि मीही. फक्त रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, का ते मला धड सांगता आलं नसतं.

अशात मला ती खुर्ची मिळाली. हात असलेल्या खुर्चीत मी जन्मात पहिल्यांदा बसले. आणि सर, मी चांगलं राज्य केलं, हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. माठाचं पाणी आधी पोरं प्यायची आणि तळाचा गाळ पोरींना यायचा. मी पोरींना आधी दिलं. वस्त्यांवरून चालत येणाऱ्यांना उशीर झाला तर बाहेर उभं करायचं नाही असं फर्मान काढलं. चेंडू एक दिवस पोरांचा, एक दिवस पोरींचा. ज्याला लांबचं कमी दिसायचं त्याला पुढं आणलं. एक काटकुळा मुलगा रोज हापशावर जायचा, त्याला त्या कामातून सोडवलं. पोरं मजेनं हुजूर म्हणायची आणि मला ते खरंच वाटायला लागलं. घरी मला कालवण अजून हवं का हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं, आणि इथं चाळीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. शाळा सुटूच नये असं वाटायचं.

आठवडा गेला, दुसरा सुरू झाला, कुणी बंड करेना. तुम्ही मागच्या बाकावरून वर्गाकडं बघायचात, चुलीवरचं दूध कधी वर येतंय ते बघावं तसे. एकदा हापशापाशी मला गाठून विचारलंत, "कशी चाललीय हुकूमत?" मी म्हटलं, सगळे खूश हायेत सर. "तेच तर. वाईट राजाला पब्लिक दोन दिसांत पाडती. चांगल्या राजाचं काय करायचं ते पब्लिकला समजतच नाय." मला वाटलं तुम्ही माझी तारीफ केलीत. त्या आनंदात मी घरी गेले आणि आत्याला सांगितलं की सर मला चांगला राजा म्हणाले.

मग तो दिवस. पॅसेंजर नुकतीच गेली आहे, पत्रे अजून थरथरताहेत. मी माझ्या मैत्रिणीला हुकूम देते, आजपासून तू वजीर, माझ्याजवळ पहिल्या बाकावर बसायचं. मला वाटतं ती लाजेल, खूश होईल. शाळेतले माझे थोडेच दिवस राहिलेत आणि ते तिच्याजवळ बसून काढावेत असं माझ्या मनात आहे, पण ते मी तिला कुठं सांगितलं आहे? ती खिडकीशी बसते, तिथून तिच्या बापाचं दुकान दिसतं. ती जागची हलत नाही.

"नक्को," ती म्हणते.

"नक्को म्हंजी? चांगली जागा देतीय तुला."

"जगा अच्छी है गे. तू भी अच्छी है. पन मेरेकू पूछी क्या?"

"राजाला इचारावं लागत नाय."

"हौ ना. तो बैठ अकेली."

मग हापशावरून सोडवलेला तो काटकुळा मुलगा उठतो आणि म्हणतो, "मला बी नाय इचारलं. मला आवडतंय पाणी आणायला. तेवढंच भायेर जायला मिळत होतं, ते बी बंद केलं." पोरं हसतात. पुढं आणलेला मुलगा म्हणतो की त्याला फळा दिसतो खरा, पण त्याचा दोस्त मागं राहिला. पोरींमधली एक पुटपुटते, "आमाला नको आधी पाणी. प्यायला लागलं की पोरं टकामका बघत्यात." मला एकेकाचा राग येतो. मी तुमच्यासाठीच केलं ना सगळं, असं मी ओरडते. कुणीतरी दप्तर उचलून आपल्या जुन्या जागेवर जातं, मग दुसरं, मग बाकं सरकल्याचा एकच गोंधळ. मी म्हणते, खाली बसा. पुन्हा म्हणते. कुणी माझ्या अंगाला बोट लावलं नाही की घोषणा दिली नाही. मी बोलत होते आणि ते दप्तरं हलवत होते, एवढंच झालं. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही आता उठाल, पुरे म्हणाल, मला वाचवाल असं मला वाटलं. तुम्ही मांडीवरच्या पुस्तकात बघत बसलात. शेवटी मीच उठून बाहेर निंबाखाली गेले आणि हमसून हमसून रडले.

तुम्ही मागून आलात. डोक्यावर हात वगैरे ठेवला नाहीत. म्हणालात, "तू वाईट राजा नव्हतीस. म्हणून तर येळ लागला." आणि परत वर्गात गेलात. दुसऱ्या दिवशी माठ कोरडा, कारण पाणी कुणी आणायचं हे कुणी कुणाला सांगू शकत नव्हतं. इन्किलाब करून अख्खी नववी तहानलेली! तुम्हीही ऑफिसात जाऊन पाणी प्यायला नाहीत, कोरड्या घशानं आमच्यात बसून राहिलात आणि म्हणालात, "आता खरा धडा सुरू झाला. भांडा." मधल्या सुट्टीभर पोरं भांडली, त्या काटकुळ्याच्या हट्टाखातर पाणी आणायचं काम एक दिवसाआड त्याला दिलं गेलं, बाकी दिवस पाळीनं. पोरींनी दुसरा माठ मागितला आणि तो मिळाला, हे मला तुमच्या त्या सगळ्या राज्यक्रांतीतलं सगळ्यात मोठं यश वाटतं.

मैत्रिणीशी मी बोलत नव्हते. तीच रोज डबा घेऊन निंबाखाली माझ्याशेजारी बसायची आणि मुकाट्यानं जेवायची. एक दिवस माझाच बांध फुटला. मी तिला सगळं सांगितलं, मेंढरं, लग्न, त्या घराला विहीर आहे, सासू गरीब स्वभावाची आहे, आबांनी लई चांगलं घर बघितलंय. तिनं घास खाली ठेवला. "तेरेकू पूछे क्या?" एवढंच विचारलं. तोवर मला वाटत होतं की घर वाईट असतं तर मला रडायचा हक्क होता. चांगल्या घरासाठी का रडायचं, हे मला कळत नव्हतं म्हणून मी उशीत रडत होते. तिनं ते तुम्हाला सांगितलं असणार, कारण पुढच्या रविवारी तुम्ही सायकल हातात धरून आमच्या वस्तीवर हजर.

घोंगडं अंथरलं गेलं. मायनं शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. आबा तुमच्यासमोर अवघडून बसले होते, तरी खुशीत होते, मास्तर आपल्या वस्तीवर आले म्हणून. तुम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. "एकच लेक हाय मास्तर. लई ठिकाणी फिरलो, तवा हे घर घावलं. बागायत हाय, विहीर हाय, पोरगं दारू पीत नाय. लेकराला उन्हातान्हात हिंडावं लागू नये, दुसरं काय पायजे बापाला?" खोटं काहीच नव्हतं त्यात. तुम्ही ऐकून घेतलंत. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते आणि मला कळून चुकलं होतं की तुम्ही आता बोलणार. आबाही तेच समजले. त्यांनी हात जोडले, "शाळंचं म्हणत असाल तर मास्तर, तुमी सांगाल तसं. तुमचा शब्द मी मोडायचो नाय."

एक शब्द लागत होता सर. आबांनी तो तुमच्या हातात आणून ठेवला होता. तुम्ही नुसतं "शिकू द्या" म्हणाला असता तरी काम झालं असतं. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही बशीतला चहा संपवलात, बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "माझा शब्द कशाला? लेकीला इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. आबा, माय, आत्या, तुम्ही. मला खरं सांगायचं तर तुमचा इतका संताप आला की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. वर्गात हुकूम सोडणारी मी, तिथं तोंडातून हुं की चूं निघेना. तुम्ही घाई केली नाहीत, दुसरं काही बोललाही नाहीत. बाहेर एक कोकरू ओरडत होतं आणि कुणी उठून त्याच्याकडं गेलं नाही. मग माझ्या तोंडून बारीक आवाजात निघालं, "आबा, मला कुणी इचारलंच नाय."

आबांचा चेहरा कसा झाला ते मी विसरू शकत नाही. ते रागावले नाहीत, त्यांना लागलं. इतकं सगळं केलं आणि लेक असं म्हणते, असं काहीतरी. घोंगड्याचं टोक सारखं करत म्हणाले, "मग आता इचारतो. बोल बाई." मी म्हटलं, मला शाळेत जायचंय, लग्न आत्ता नको. ते उठून कोकराकडं गेले. तुम्ही उठलात, चपला घातल्यात, "येतो," म्हणालात आणि सायकल ढकलत निघालात. मला वाटलं, हे आग लावून चालले. पुढचे कितीतरी दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. दिवाळी झाली, बिऱ्हाड बांधायला घेतलं, घोड्यावर भांडी चढायला लागली. माझी ताटली मायच्या हातात होती. आबा तिच्याकडं न बघता म्हणाले, "ती राहू दे हितंच." मायनं ताटली फळीवर ठेवली आणि मला कुशीत घेतलं. माझ्या वाटचं काम त्या वर्षी तिनं केलं. जाताना कानाशी म्हणाली, "मला तर सुचलंच नसतं असं म्हणायचं." मी आजही ते आठवून रडते, सांगायला लाज कसली?

आबा गावात काय सांगायला लागले ते तुम्ही ऐकलं होतंच. मास्तर आले, मास्तरांनी शब्द टाकला, मास्तरांचा शब्द कसा मोडणार? चौदा वर्षांच्या पोरीपुढं नमतं घेतलं, असं चारचौघांत सांगणं त्यांना जड गेलं असेल. मी ते त्यांना राहू दिलं. तुम्हीही राहू दिलंत. कुणी तुमच्या पाया पडायला आलं तर तुम्ही पाय मागं घ्यायचात आणि विषय बदलायचात. मी कंडक्टर झाले तेव्हा आबा माझ्या पहिल्या ड्युटीला गंगापूरच्या गाडीत बसले होते, तिकीट काढून, शेवटच्या सीटवर. शेजारच्याला सांगत होते, "लेक हाय माझी. मास्तरांच्या शब्दानं शिकली." मी तिकिटं फाडत पुढं गेले.

रविवारी मेळावा आहे. तुमच्या फोटोला हार घालतील, मग मला बोलावतील. आबा आता नाहीत, माय नाही, सांगायला काही हरकत नाही. मैत्रीण पहिल्या रांगेत बसून माझ्याकडं डोळे वटारून बघणार आहे, म्हणजे सुटका नाही. मी खरं ते सांगीन. सर आमच्या वस्तीवर येऊन गप्प बसले, वडिलांनी देऊ केलेला शब्द त्यांनी घेतला नाही, मला बोलायला लावलं आणि तेच बरोबर होतं. तुम्ही बोलला असता तर मी तुमच्या शब्दावर शिकले असते, पुढं नवऱ्याच्या शब्दावर नोकरी केली असती, साहेबाच्या शब्दावर गप्प बसले असते. हे मला मनापासून पटलेलं आहे आणि मी ते माईकवर नीट सांगीन, मला माईकची सवय आहे. लोक टाळ्या वाजवतील.

हे पत्र मात्र मी तिकडं नेणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. कारण पुढचं फक्त तुम्हाला सांगायचं आहे. त्या दारात मी उभी होते ना सर, तेव्हा मला इन्किलाब नको होता. मी लहान होते, मला भयंकर भीती वाटत होती आणि मला तुमचा एक शब्द हवा होता. तुम्ही तो दिला नाहीत, याचा राग इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनात थोडासा आहे. तेवढा राहू द्या.